पऱ्हाटीची बायोचार भट्टी घ्यावी का? एक हंगाम वापरून झाल्यावरचा सविस्तर रिव्ह्यू

आमच्या बचत गटानं मागच्या कापूस हंगामाच्या शेवटी बायोचारची, म्हणजे काडीकचरा हवा न लागू देता भाजून मातीत घालायचा कोळसा करायची भट्टी घेतली, दुहेरी ड्रमवाली, म्हणजे आत २०० लिटरचा झाकणाचा ड्रम आणि त्याच्या भोवती पत्र्याचं मोठं कवच, दोन्हीच्या मधल्या जागेत आग. जवळच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून ऑर्डर देऊन बनवून घेतली, गाडीभाडं धरून ३८ हजारांना पडली. त्यात पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) भाजून झाली, मागून तुराट्या (तुरीच्या काड्या) झाल्या, निघालेला कोळसा वावरात टाकून एक पावसाळाही बघून झाला, म्हणून आता लिहिते. दादांचं नाव देत नाही कारण काही तक्रारी पण लिहायच्या आहेत आणि माणूस मुळात चांगला आहे, फोन केला की उचलतो.

वेळ नसेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. तुमच्याकडे वाळलेला, लाकडासारखा कचरा आहे, जमीन हलकी मुरमाड आहे, ढोरं आहेत आणि चार-पाच घरं मिळून काम करायची तयारी आहे, तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण कोणी तुम्हाला सांगत असेल की यातून तेल निघेल, तेल विकून वर्षात पैसे वसूल, तर त्या माणसाकडून काहीच घेऊ नका. आम्हाला दाखवलेल्या दुसऱ्या एका कोटेशनमध्ये असंच होतं, रंगीत फोटो, बाटलीत काळं तेल, आणि किंमत आमच्या भट्टीच्या तिप्पट.

भट्टीचं काम समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर चांगली कुठली आणि वाईट कुठली हे कळत नाही. उघड्यावर काडी पेटवली की शेवटी राख उरते, पण तीच काडी हवा न लागू देता बंद ड्रममध्ये सावकाश तापवली तर आधी तिच्यातलं पाणी वाफ होऊन जातं, मग साधारण २२० डिग्रीच्या पुढे लाकडाचे घटक तुटायला लागतात, त्यातून जळणारा गॅस आणि डांबरी वाफा निघतात, २८० च्या आसपास काडी स्वतःच थोडी उष्णता सोडायला लागते, आणि ४००-४५० पर्यंत नेऊन दोन-तीन तास ठेवली की मागे कोळसा राहतो. हेच स्लो पायरोलिसिस. वाळलेल्या मालाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा कोळसा मिळतो, बाकीचं गॅस आणि पातळ भाग. फास्ट पायरोलिसिस म्हणजे ५०० डिग्रीला एक-दोन सेकंदात वाफ करून लगेच थंड करायची, तिथं तेल जास्त निघतं पण तो कारखान्याचा मामला आहे, भुशासारखा बारीक माल लागतो आणि शंभर कंट्रोल लागतात. गावातल्या ड्रमला ते जमणार नाही.

आता यातली खरी मेख म्हणजे तो गॅस कुठं जातो. आमच्या भट्टीत ड्रमच्या झाकणातून एक दीड इंची पाइप निघतो, कवचाच्या आतून खाली वळतो आणि चुलीच्या जागेत आडवा होतो, त्याला ओळीनं भोकं पाडलेली आहेत. सुरुवातीला खालून आपण लाकूडफाटा घालून आग लावायची, पाच-सहा किलो लागतो. पहिला तास-सव्वा तास चिमणीतून नुसता पांढरा दमट धूर येतो, तो म्हणजे वाफ. मग त्या भोकांमधून फुसफुस सुरू होते, एक भोक पेटतं, मग दुसरं, मग सगळी ओळ पिवळ्या-निळ्या ज्योतींनी पेटते आणि तिथून पुढे खालचं लाकूड घालणं बंद करायचं, भट्टी स्वतःच्या गॅसवर चालते. बाहेरच्या डायलवर काटा ३०० वरून ४३० पर्यंत आपोआप चढतो आणि चिमणीतून धूर दिसायचा जवळजवळ बंद होतो, वर नुसती हवा थरथरताना दिसते. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू, ज्यांचं आयुष्य चुलीपुढं गेलं, त्या पहिल्या दिवशी चिमणीकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई, विझली की काय?" विझली नव्हती, तेव्हाच तर ती जोरात होती.

म्हणून भट्टी घेताना एवढं एक करा की चालू भट्टी बघायला जा आणि ज्योती पेटल्यावर चिमणीत काय दिसतं ते बघा. पिवळा दाट धूर शेवटपर्यंत येत असेल तर ती भट्टी गॅस जाळत नाहीये, सगळा हवेत सोडतेय, तुमच्या डोळ्यांत आणि छातीत सोडतेय, त्यातला मिथेन वर जाऊन जे नुकसान करतो ते कोळसा मातीत गाडून भरून निघणं अवघड आहे. जुन्या मातीच्या कोळसा भट्ट्या तशाच असतात, लाकडाचा ढीग, वर पाला आणि माती, आणि कित्येक दिवस धुमसत राहणारा धूर. रायगडकडची कातकरी कुटुंबं घरदार सोडून, पोरंबाळं घेऊन त्या कामाला जातात, उचल घेतलेली असते, त्या धुरातच राहतात. कोळसा त्या पद्धतीनंच करायचा असेल तर त्याला पर्यावरणाचं नाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही हे मला भट्टी घेताना कळलं आणि बरं वाटलं. पुण्याची आरती (ARTI) ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था, डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, त्यांनी उसाच्या पाचटावर हे काम कधीच केलंय. हेक्टरी दहा टनांच्या आसपास पाचट निघतं, ढोरं खात नाहीत, लवकर कुजत नाही, मग शेतकरी काडी लावतो. त्यांनी पाचट ड्रममध्ये कोंबून, ड्रम एका भट्टीत ठेवून, निघणारा गॅस तिथंच जाळून कोळसा केला, त्याच्या कांड्या पाडल्या, आणि २००२ साली त्या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिकडे हैदराबादच्या 'क्रीडा' (CRIDA) या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं पण कोरडवाहू शेतकऱ्यासाठी साध्या तेलाच्या ड्रमची भट्टी काढलीय, कपाशी आणि तुरीच्या काड्यांसाठीच, ती आमच्या भट्टीपेक्षा खूप स्वस्तात होते पण तिच्यात आत हवा जाऊ देऊन मालच थोडा जाळावा लागतो आणि ड्रमच्या तोंडाशी कायम कोणीतरी उभं पाहिजे. दुहेरी ड्रमला जास्त पैसे जातात ते या धुरासाठी आणि सुटसुटीतपणासाठी, हे लक्षात ठेवून ठरवा.

आता हिशेब, कारण यावर विकणारे काहीच बोलत नाहीत. पऱ्हाटीचे हातभर तुकडे करून २०० लिटरच्या ड्रममध्ये भरले, अगदी दाबून, तरी २० किलोच्या पुढे माल बसत नाही, कारण काड्यांच्या मध्ये नुसती हवा. त्यातून कोळसा साडेपाच-सहा किलो. एका एकरात वाळलेली पऱ्हाटी आठ ते बारा क्विंटल निघते. दहा धरली तरी एका एकराला ५० ड्रम! आणि दिवसाला एकच ड्रम होतो, कारण रात्रभर बंद ठेवून थंड करायचा असतो, दुसरा आतला ड्रम जास्तीचा घेतला आणि गरम ड्रम बाहेर काढायची घोडी केली तर दोन होतात. म्हणजे दोन ड्रम असले तरी एका एकराला २५ दिवस. आमच्या गटात मिळून जेवढी कपाशी आहे त्यातल्या थोड्याच भागाची पऱ्हाटी आम्ही यात घालू शकलो, बाकीची रोटाव्हेटर आणि श्रेडरनं मातीत गेली. हे वाईट नाही, काही काड्या मातीत कुजल्याच पाहिजेत, पण 'आता कोणालाच पऱ्हाटी जाळावी लागणार नाही' असं जे सांगतात ते एका भट्टीच्या जिवावर होणारं काम नाही.

ओलावा हा दुसरा मुद्दा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत निम्मं पाणी असतं. तशीच भरली तर चार तास नुसती वाफ काढण्यात जातात, खालून लाकूड घालून घालून जेवढा कोळसा मिळतो त्यापेक्षा जास्त सरपण संपतं. काडी हातात धरून वाकवली की कट्ट करून मोडली पाहिजे, सालीचा दोरा लोंबला तर अजून ओली आहे. पण इथंच कापसाची अडचण आहे, कारण पऱ्हाटी वाळवायला धुऱ्यावर गंजी लावून ठेवली की उरलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी आरामात सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते, कृषी विभाग म्हणूनच दरवर्षी सांगतो की गंज्या लावू नका. आम्ही यावर असं केलं की चिमट्यानं उपटली की त्याच आठवड्यात तुकडे करायचे, बोंडं आणि कवड्या (बोंडांची वाळलेली टरफलं) वेगळ्या काढून त्या पहिल्या ड्रममध्ये घालायच्या, आणि तुकडे खळ्यावर पातळ पसरून वाळवायचे. कडबाकुट्टी मशीनमध्ये पऱ्हाटी घालू नका, बुडखा जाड असतो, पातं जातं. भाड्याचा श्रेडर आणला तर बारीक होते आणि ड्रममध्ये जास्त बसते पण फार बारीक झाली की मध्यभागी उष्णता पोचत नाही आणि ड्रमच्या पोटात तपकिरी, अर्धवट भाजलेला गोळा राहतो. बोटाएवढ्या जाडीचे, वीतभर तुकडे सगळ्यात छान होतात. तुराट्या तर त्याहून सोप्या, त्या आधीच वाळलेल्या असतात आणि त्यांचा कोळसाही जास्त टणक येतो.

ड्रम उघडताना घाई नको. ज्योती बारीक होऊन विझल्या की खालचं दार लावून सगळ्या फटी शेणमातीनं लिंपायच्या आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आत कोळसा गरम असताना हवा लागली तर तो पुन्हा पेटतो आणि सकाळी राख मिळते. दादांनीच सांगितलं की एका गिऱ्हाइकानं कोमट कोळसा पोत्यात भरून गोठ्यात ठेवला आणि रात्री पोतं धुमसायला लागलं. म्हणून काढल्यावर पाणी शिंपडून, उघड्यावर पसरून मगच भरा. आणि भट्टी बंद शेडमध्ये कधीच चालवू नका, त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही, माणूस बसल्या जागी जातो. पण नीट थंड झालेला ड्रम उघडतो ना, तेव्हा जे दिसतं ते बघण्यासारखं असतं: प्रत्येक काडी जशीच्या तशी, डोळे, सालीच्या रेघा, कवडीच्या पाकळ्यासुद्धा तशाच, फक्त सगळं काळंभोर आणि वजनाला काहीच नाही. दोन काड्या एकमेकींवर आपटल्या की काचेसारखा आवाज येतो. हात काळा होतो पण नुसत्या पाण्यानं निघतो, साबणाशिवाय निघाला नाही तर समजायचं की त्यात अजून डांबर आहे, तापमान कमी पडलं.

आता भट्टीच्या बांधणीच्या तक्रारी. आतला ड्रम साधा बाजारातला तेलाचा ड्रम दिला होता, त्याचा पत्रा मिलिमीटरच्या आसपासचा, तो रोज लाल होण्याइतका तापतो आणि हंगाम संपेपर्यंत बुडाला पापडी सुटून एका जागी आरपार भोक पडलं. भोक पडलं की हवा आत आणि कोळशाची राख. दादांना आम्ही हे दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, तीन एमएमचा करून देतो पण वजन वाढतं, दोघींना उचलायचा नाही." बरोबर आहे त्यांचं, पण हे आधी सांगायला पाहिजे होतं, आम्ही घोडी आणि कप्पी लावली असती. आता तीन एमएमचा घेतलाय. दुसरं, झाकणाला जी रिंग आहे तिच्यातली रबरी पट्टी पहिल्याच दिवशी जळली, जळणारच, तिथं रबर कशाला लावलं कळलं नाही, आता आम्ही झाकणाच्या खोबणीत बारीक राख आणि माती भरून बसवतो, एकदम घट्ट बसतं. तिसरं, कवचाला बाहेरून काहीच इन्सुलेशन नव्हतं, पत्र्याला हात लागला तर भाजतोच पण उष्णताही सगळी बाहेर जाते. आम्ही बाहेरून विटा आणि तणसाच्या चिखलाचा थर दिला, त्यानंतर सुरुवातीचं लाकूड कमी लागायला लागलं हे स्पष्ट दिसलं. डायल मात्र चांगला दिलाय, तो मागून घ्या, काही जण देत नाहीत, आणि तो नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार होतो. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा, कीटकनाशकाचा किंवा केमिकलचा ड्रम अजिबात चालणार नाही, आणि तेलाचा असला तरी एकदा रिकामा तापवून रंग जाळून टाका.

तेलाचं जरा सविस्तर लिहिते कारण लोक हेच सगळ्यात जास्त विचारतात. आम्ही ऑप्शनल म्हणून कंडेन्सरचा पाइप घेतला होता, म्हणजे गॅसचा पाइप पाण्याच्या टाकीतून फिरवून वाफा थंड करायच्या आणि खाली बाटलीत जे पडेल ते गोळा करायचं. पडतं ते लालसर तपकिरी आंबट पाणी, धुराच्या आणि व्हिनेगरच्या मधल्या वासाचं, आणि तळाला चिकट काळं डांबर. त्या पाण्यात ॲसिटिक ॲसिड, थोडं मिथेनॉल आणि शेकडो इतर गोष्टी असतात. त्याला डिझेल समजून इंजिनात घालायचा विचारही करू नका, ते डिझेलमध्ये मिसळत नाही, आम्लामुळे लोखंड खातं, आणि कारखान्यात फास्ट पद्धतीनं काढलेल्या तेलातसुद्धा १५ ते ३० टक्के पाणी असतं, किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्यापेक्षा कमी. आणि मुख्य म्हणजे त्या वाफा काढून घेतल्या तर भट्टी जाळणार काय? ज्या दिवशी कंडेन्सर लावला त्या दिवशी भोकांमधल्या ज्योती मरतुकड्या झाल्या आणि खालून लाकूड घालत राहावं लागलं, कारण गॅसमधला जळाऊ भाग तर बाटलीत उतरत होता. वर पाइप डांबरानं चोंदतो, चोंदला की ड्रममध्ये दाब वाढतो, ते धोक्याचं आहे. आम्ही कंडेन्सर काढून ठेवलाय. जपानमध्ये हे लाकडाचं व्हिनेगर महिनोन्‌महिने स्थिर ठेवून, डांबर वेगळं करून, खूप पातळ करून झाडांना देतात हे खरं आहे, पण कच्चं, डांबरासकट फवारलं तर पानं करपतात आणि त्या डांबरात शरीराला वाईट असलेले पदार्थ असतात, भाजीवर तर नकोच.

कोळसा जळण म्हणून कसा? घरात शेगडीसाठी उत्तम. कोळशात किलोला सात हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते, लाकडात त्याच्या निम्मी, आणि धूर नाही, भांडं काळं होत नाही. पण विकायला गेलो तर ढाबेवाला म्हणाला की बाभळीचाच पाहिजे, पऱ्हाटीचा हलका असतो, भसकन पेटतो आणि लवकर संपतो, आणि तो खरं बोलत होता. इस्त्रीवाल्यांनी थोडा घेतला. भुगा करून, मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ घालून कांड्या पाडल्या तर जास्त वेळ टिकतात, शेण घालून पण होतात पण राख जास्त पडते. त्यासाठी वेगळं मशीन, वाळवायला जागा, वेगळी मजुरी, म्हणून आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. ज्यांना पऱ्हाटी नुसती विकायचीच आहे त्यांना पेलेट आणि ब्रिकेटवाले (काडीकचरा दाबून जळणाच्या गोळ्या-कांड्या करणारे) बरे, २०२१ च्या धोरणानं कोळशावरच्या वीज केंद्रांना ५ टक्के बायोमास मिसळायला सांगितल्यापासून त्यांची मागणी आहे, तुमच्या जवळ असा कारखाना असेल तर आधी तिथला भाव विचारा, मग भट्टीचा विचार करा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. पऱ्हाटी हा आपल्या भागात कचरा नाहीये. भूमिहीन घरांची, मजुरीला जाणाऱ्या बायांची वर्षभराची चूल त्यावर चालते, सिलिंडर घरात असलं तरी भरायला पैसे नसतात. उपटायला येणाऱ्या मजूर बायका भारा बांधून घरी नेतात, तो त्यांच्या कामाचाच एक भाग असतो. भट्टी आल्यावर काही घरांनी 'आता पऱ्हाटी देत नाही' असं सुरू केलं तेव्हा आम्ही गटाच्या मीटिंगमध्ये ठरवूनच टाकलं की आधी ज्यांचा भारा त्यांना, त्यातून जे उरतं आणि ज्याला काडी लागणार होती तेच भट्टीत. माझी कळकळीची विनंती आहे की तुम्हीही असंच करा. शेतातली आग थांबवायची म्हणून गरिबाची चूल विझवायची नाही.

मातीचं काय झालं ते सांगते, बरेच जण त्यासाठीच वाचत असतील. बायोचारचा गाजावाजा ॲमेझॉनच्या जंगलातल्या काळ्या मातीवरून सुरू झाला, तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं कोळसा, हाडं, खरकटं मातीत घातलं आणि ती माती आजही सुपीक आहे. पण तिथली मूळ माती आम्लधर्मी, पावसानं धुतलेली. आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास, आणि बायोचारसुद्धा अल्कधर्मी, बऱ्याचदा ८ ते १० सामूचा. त्यामुळे कोकणातल्या लाल जांभ्या मातीत जो फायदा होईल तो भारी काळ्या रानात होईलच असं नाही, चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेल्या जमिनीत तर टाकूच नका असं मी म्हणेन. आमच्याकडे भारी वावरात टाकलेल्या सऱ्यांमध्ये मला तरी काही फरक दिसला नाही. धुऱ्याकडच्या मुरमाड पट्ट्यात मात्र दिसला, वांग्याच्या ज्या सऱ्यांना कोळसा दिला होता त्या ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात दुपारी उशिरा माना टाकायच्या आणि संध्याकाळी सावरायच्या, शेजारच्या सऱ्या सकाळीच मलूल. पाणी धरून ठेवण्याचा फायदा तिथं खरा आहे. उत्पन्न किती वाढलं ते मी सांगणार नाही, एका पावसाळ्यावरून असं बोलू नये.

कोळसा कोरडा, कच्चा टाकू नका, तो मातीतलं नत्र आधी स्वतःच शोषून घेतो आणि पीक पिवळं पडतं. आम्ही तो बुकलून गोठ्यात ढोरांच्या खाली पसरला, आठवडाभर मूत्र शोषू दिलं, मग शेणासकट खताच्या ढिगात घातला आणि दोन महिन्यांनी काढला. गोठ्याचा वास इतका कमी झाला की ज्यांना बायोचारशी काही घेणंदेणं नव्हतं त्या घरांनी पण गोठ्यासाठी कोळसा मागून नेला. एकरी टनांनी टाकायच्या शिफारशी वाचून घाबरू नका, तेवढा आपल्याकडे होणारच नाही. नेपाळमध्ये भोपळ्यावर एक प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये छापून आला, त्यात गोमूत्रात भिजवलेला बायोचार हेक्टरी फक्त ७५० किलो, तोही मुळाशीच दिला, आणि नुसत्या गोमूत्रापेक्षा कितीतरी पट उत्पन्न आलं. तो एकाच ठिकाणचा प्रयोग आहे, आपल्याकडे तसंच होईल असं कोणी म्हणू नये, पण पद्धत घेण्यासारखी आहे, सगळीकडे फेकण्यापेक्षा रोपाच्या खड्ड्यात दोन मुठी. आम्ही तेच करतोय.

कार्बन क्रेडिटवाले लोक पण येऊन गेले. एक टन चांगला बायोचार म्हणजे अडीच-पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवल्यासारखं, हे गणित बरोबर आहे, आणि परदेशी कंपन्या त्याचे पैसे देतात हेही खरं. पण त्यासाठी प्रत्येक ड्रमचं वजन, ओलावा, फोटो, लॅबचा रिपोर्ट, आणि माल मातीत गेल्याचा पुरावा लागतो, आणि एका ड्रमच्या भट्टीवर एवढी कागदपत्रं सांभाळणं परवडत नाही. पन्नास-शंभर गट एकत्र आले, मध्ये कोणी प्रामाणिक संस्था असली, तर होऊ शकेल. सही करायच्या आधी एवढं विचारा की क्रेडिट कोणाच्या नावावर राहणार आणि पैसे किलोवर मिळणार की 'नंतर बघू' वर.

ज्यांना ३८ हजार जमत नाहीत त्यांनी आधी जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा करून बघा, वर तीन-चार हात रुंद, खाली निमुळता. तळाला आग लावायची आणि वाळलेल्या काड्यांचे पातळ थर एकावर एक टाकत राहायचे, वरच्या थराची ज्वाळा खालच्या थराला हवा लागू देत नाही, खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवायचा. स्वित्झर्लंडच्या इथाका संस्थेनं २०१४ मध्ये याच तत्त्वावर कोन-टिकी नावाची पत्र्याची भट्टी काढली, खड्डा त्याचाच फुकटातला अवतार. एका दुपारी ड्रमच्या कित्येक पट माल होतो, काडी वाळलेली असेल तर धूरही कमी, फक्त पाणी जवळ पाहिजे आणि उष्णतेपुढं उभं राहायची तयारी पाहिजे. खरं सांगायचं तर पऱ्हाटीच्या प्रमाणात बघता येत्या हंगामात आम्ही मोठा माल खड्ड्यातच करणार आहोत आणि भट्टी तुराट्यांसाठी, कवड्यांसाठी आणि पाण्याची सोय नसलेल्या वावरांसाठी ठेवणार आहोत. शेजारच्या गावातल्या गटानं भट्टी भाड्यानं मागितलीय, नवीन तीन एमएमचा ड्रम बसला की जानेवारीत त्यांना देऊ, भाडं पैशात न घेता निघालेल्या कोळशाचा चौथा हिस्सा असं ठरलंय.